तंटा क्रमांक एकेचाळीस

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी, तीनच्या खेळाला, 'पडती बाजू कुणाची' या चित्रपटाच्या नायिकेने शेवटच्या रिळात नायकाशी समेट करायला नकार दिला आणि आपल्याला तंटामुक्त समितीकडे रीतसर अर्ज करायचा आहे, असं पडद्यावरून ऑपरेटरला सांगितलं. ऑपरेटर मुरलीधर ताकवले केबिनच्या खिडकीशी होता. एकोणीस वर्षं त्याने चांदेगव्हाणच्या रेणुका चित्रमंदिरात मशीन चालवलं होतं आणि या काळात पडद्यावरून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पण कामाच्या वेळी आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही, हा त्याचा स्वभाव. त्याने मान बाहेर काढून विचारलं, "अर्ज साध्या कागदावर चालंल का?"

चित्रपट तसा हसवणारा होता. पुण्याच्या एका फ्लॅटमधली ऋतुजा आणि निनाद ही दोघं पहिल्या रिळापासून भांडतात. गीझर कुणी चालू ठेवला, ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला, गाडीची किल्ली कुठे आहे, कुणाच्या आईचं थालीपीठ खुसखुशीत. शेवटी ती बॅग भरून रिक्षात बसते, तो फुलं घेऊन धावत येतो, गाणं लागतं, ती हसते आणि खाली उतरते. पंचावन्न खेळ ती बिनतक्रार हसली होती. छप्पन्नाव्या खेळाला गाणं सुरू झालं तशी ती रिक्षावाल्याला म्हणाली, "काका, ते जरा बंद करता का?" त्याने केलं.

पुढे रीळ संपलं. त्याची शेपटी चाकावर फटफट आपटायला लागली म्हणून मुरलीधरने मशीन थांबवलं, तरी पडद्यावर रिक्षा होती, रिक्षात ती होती आणि बाहेर फुलं धरून तो होता. प्रेक्षकांनी दहा मिनिटं वाट पाहिली. मग उद्या हीच तिकिटं चालतील का, अशी चौकशी करून ते घरी गेले. मुरलीधरने शिरूरला मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, चालू खेळ संपल्याशिवाय पुढचा लावता येत नाही, तेव्हा संपेल तेव्हा संपेल.

आता इथेच मुरलीधरच्या हातून चूक झाली. त्याच्या खिशात त्या दुपारी त्याचा स्वतःचा अर्ज होता, याच समितीला द्यायचा. तो आधी नेऊन द्यायचा, मग जगाची सेवा करायची. पण समोर गिऱ्हाईक उभं म्हटल्यावर तो कागद घेऊन पडद्यापाशी बसला, ऋतुजाने सांगितलं तसं लिहून घेतलं आणि दोन्ही अर्ज एकदमच ग्रामपंचायतीत नेले. टेबलावर ठेवताना तिचा वर राहिला. तिला एकेचाळीस नंबर पडला आणि याला बेचाळीस.

बेचाळीस नंबरचा तंटा त्याच्या बायकोचा, विमलचा होता. गावातल्या बायका पंचमीला माहेरी जातात. विमल अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्याच दिवशी सोनवडीला भावाकडे गेली होती आणि अजून आली नव्हती. मुरलीधर मारकुटा नव्हता, पिणारा नव्हता. त्याला खोड एकच होती, सगळ्याचा शेवट आधी सांगायची. सिनेमाचा सांगायचा ते लोक पोटात घालत, ऑपरेटरच आहे म्हणत. पण घरी विमलने तोंड उघडलं की हा भाकरी मोडता मोडता म्हणायचा, "आता तू माझ्या बहिणीचं काढशील. मग मी गप बसंन. मग तू रडशील, मग च्या टाकशील." आणि व्हायचंही नेमकं तसंच. विमलला खरा राग त्याचाच होता. वीस वर्षांत तिला एक भांडण शेवटापर्यंत नेता आलं नव्हतं. ती बॅग घेऊन निघाली तेव्हाही हा दारात उभा राहून म्हणाला, "चार दिवसांत येशील." ती आली नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तीन महिने मुरलीधरने हाताने भात करून खाल्ला. भात बरा होत होता, पण समोर कुणी नसलं की त्याला घास जाईना, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नाही. शेवटी तो सोनवडीला गेला. विमलने त्याला पाणी दिलं, अर्ज नीट वाचला आणि खाली वादी म्हणून सही केली.

"एकदाच करते," ती म्हणाली. "समितीनं बोलावलं की येते, माझं काय ते सांगते. दुसऱ्यांदा सही मागायला येऊ नका."

समितीचे अध्यक्ष होते गुलाबराव शेळके. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची हयात गेली होती आणि निवृत्तीनंतर तंटे आणि गाड्या यांत फरक करायची त्यांना गरज वाटली नव्हती. त्यांच्या शेजारी ग्रामसेवक कदम भाऊसाहेब रजिस्टर घेऊन बसत.

"ही माणसं तर पुण्याची," गुलाबरावांनी एकेचाळीस नंबर वाचून शंका काढली.

"राहायला पुण्याची," भाऊसाहेब म्हणाले. "पण भांडतात आपल्या हद्दीत. पडदा गट नंबर दोनशे बारामध्ये येतो. अठरा दिवस झाले, सलग भांडतायत."

"अर्जदाराची सही?"

"मुरलीधरनं कागद पडद्याला टेकवून धरला, तिनं आतून केली. कागदावर उमटली नाही, पण सगळ्यांना दिसली. पाच साक्षीदार घेतलेत."

गुलाबरावांनी मान डोलावली आणि अर्ज दाखल झाला. मुरलीधर तिथेच टोपी हातात घेऊन उभा होता.

"आण्णा, माझं आधी घ्या," तो म्हणाला. "चौदा तारखेला समितीची मुदत संपतीय. पंधराला नवी समिती, नवं रजिस्टर, पुन्हा नवा अर्ज. ती पुन्हा सही करणार न्हाई."

"एकेचाळीस फलाटावर उभी हाय, मुरलीधर. ती निघाल्याबिगर बेचाळीस लागंल कशी?"

"दोन मिनिटं आधी दिला असता तर..."

"दिला न्हाईस," गुलाबराव म्हणाले. यात कडवटपणा काही नव्हता. उशिरा आलेल्या प्रवाशाशी ते तीस वर्षं याच आवाजात बोलत आले होते.

वादी-प्रतिवादींना पडदा सोडता येत नसल्याने सुनावणी चित्रमंदिरातच ठेवली. पहिल्या दिवशी समितीचं टेबल पडद्याखाली मांडलं, पण मान वर करून करून गुलाबरावांची मान धरली, म्हणून दुसऱ्या दिवसापासून समिती पाचव्या रांगेत बसू लागली. गाव होतंच. बायका उजवीकडच्या खुर्च्यांत मटकी निवडत बसायच्या, पुरुष डावीकडे. पहिल्या दिवशी ऋतुजाने गीझरपासून सुरुवात केली आणि भाऊसाहेबांनी सतरा बाबी नोंदवल्या. निनादने सतराही बाबी मान्य केल्या.

"मग तंटा कशाचा हाय?" गुलाबरावांनी विचारलं.

"तेच तर," निनाद म्हणाला. तो दिसायला देखणा होता आणि फुलं धरून त्याचा हात अवघडला होता. "मी फुलं पण आणलीयेत."

"कशाबद्दल?" ऋतुजाने रिक्षातून विचारलं.

गुलाबरावांनी प्रश्न पुन्हा विचारला, मग भाऊसाहेबांनी सोप्या शब्दांत विचारला. निनाद म्हणाला, तेराव्या रिळात भांडण होतं आणि चौदाव्या रिळात तो फुलं घेऊन येतो, मधलं त्याला काही दिलेलं नाही. समितीने मुरलीधरकडून दोन्ही रिळं तपासून घेतली. मध्ये फक्त महाबळेश्वरचं एक गाणं होतं आणि त्यात दोघं स्वेटर घालून पळत होती. 'प्रतिवादीस फुलांचे कारण सांगता आले नाही,' असं भाऊसाहेबांनी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी ऋतुजाचं खरं गाऱ्हाणं बाहेर आलं. ती म्हणाली, भांडायला तिची हरकत नाही, भांडणं चांगली आहेत, लोक हसतात. पण प्रत्येक भांडणात ती खऱ्या मुद्द्यापाशी आली की काहीतरी होतं. एकदा दाराची बेल वाजते, एकदा कुकरची शिट्टी होते. सहाव्या रिळात निनादचा मामा परकर नेसून बाहेर येतो आणि सगळं थिएटर खो खो हसतं. शेवटी गाणं लागतं.

"माझं एक वाक्य राहतं," ती म्हणाली. "दर खेळाला राहतं. ते न बोलताच मी याला पंचावन्न वेळा माफ केलंय."

बायकांच्या बाजूला मटकी निवडणारे हात थांबले. समितीने आपसांत चर्चा करून आदेश दिला की वादीला तिचं वाक्य बोलू द्यावं, तोवर बेल, कुकर आणि गाणं बंद राहील, आणि मामांनी रिक्षाच्या पुढच्या सीटवर हाताची घडी घालून बसावं. मामा सहाव्या रिळातून आले, तसेच परकरात, आणि निमूट बसले. वादीने 'माझं म्हणणं संपलं' असं म्हटलं की तंटा मिटला असं धरण्यात येईल, अशीही नोंद झाली.

सगळी तयारी झाली आणि ऋतुजाला वाक्य सापडेना.

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ते वाक्य तिला कधी बोलायला मिळालंच नव्हतं, त्यामुळे ते काय आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती तोंड उघडायची, पुन्हा मिटायची आणि रिक्षाच्या टपाकडे बघायची. असे दिवस जाऊ लागले. अकरा तारीख गेली, बारा गेली. मुरलीधरचा जीव टांगणीला लागला.

तेरा तारखेला सकाळी सुनावणीच्या आधी तो एकटाच जाऊन पडद्यासमोर उभा राहिला. निनाद उभ्या उभ्या डुलक्या घेत होता.

"पोरी, मिटव आता," मुरलीधर म्हणाला.

"काका, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"मी बेचाळीस नंबरच्या बाजूनं हाय."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. विमलचं जाणं, ती एकच सही, चौदा तारीख. काकू का गेल्या, असं तिने विचारलं तेव्हा त्याने तेही सांगितलं, लपवलं काही नाही. ऋतुजाने ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्याकडे पण गाणं लागतं," ती म्हणाली.

"आमच्यात गाणं न्हाई. च्या," मुरलीधर म्हणाला. मग केबिनमध्ये जाऊन त्याने पुसलेलंच मशीन पुन्हा पुसलं.

चौदा तारखेला दुपारी विमल आली. समितीने बेचाळीस नंबरवाल्यांनाही बोलावून ठेवलं होतं, वेळ उरलाच तर घेऊ म्हणून. ती भावाच्या मोटारसायकलवरून उतरली, पदर सारखा केला आणि उजव्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली. तिने मुरलीधरकडे पाहिलं नाही. त्याने पाहिलं. तिची तब्येत जरा सुधारली होती आणि ते बघून त्याला बरंही वाटलं आणि वाईटही. आपल्याला ही घरी हवी आहे, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही राहिलं नाही.

चार वाजले. पावणेसहाला भाऊसाहेब रजिस्टर बंद करणार होते आणि ते शाळेच्या ध्वजवंदनाच्या तयारीला जाणार होते. ऋतुजा गप्प होती. गुलाबरावांनी घड्याळ बघितलं आणि समितीतर्फे तोडगा काढला.

"मुरलीधर, तू पंचावन्न वेळा पाह्यलंयस. तुला तिचं बोलणं तोंडपाठ. तिला काय म्हणायचं आसंल ते तू सांग, ती हो म्हणंल, भाऊसाहेब लिवून घेतील, आणि आपण तुझ्याकडं वळू."

सगळ्या थिएटरने मागे वळून मुरलीधरकडे पाहिलं. विमलनेही पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिच्या तोंडावर साफ दिसत होतं की तिला याचं पुढचं ठाऊक आहे.

आणि मुरलीधरला खरंच सुचलं होतं. दोन वाक्यं ओठांवर आली होती, दोन्ही खपण्यासारखी होती. एक म्हटलं असतं तरी ऋतुजा दमून हो म्हणाली असती आणि पाच मिनिटांत त्याचा नंबर लागला असता. तो उठला, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

"आरं, अंदाजानं सांग."

"न्हाई आण्णा. तिचं हाय, तिला सापडू द्या."

"तुझी गाडी चुकंल."

"चुकंल," मुरलीधर म्हणाला आणि खाली बसला.

त्यानंतर पंचावन्न मिनिटं कुणी बोललं नाही. गुलाबराव दोनदा खोकले. मामांना पडद्यावर शिंक आली, ती त्यांनी परकरात दाबली. मुरलीधर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होता. पाचला पाच कमी असताना ऋतुजाने निनादकडे तोंड वळवलं.

"तू भांडताना माझ्याकडे बघत नाहीस," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावरून मागे बघतोस. हे कधी संपेल म्हणून. मी समोर असते रे, आणि तू संपायची वाट बघत असतोस."

निनादने सवयीने आजूबाजूला पाहिलं. बेल वाजली नाही. कुकर गप्प होता, मामा गप्प होते. मग त्याला तिच्याकडेच बघावं लागलं, आणि तो बराच वेळ बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "मला वाटायचं गाणं लागेल." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "चुकलंच माझं. त्याबद्दल आणलीत फुलं."

बायकांच्या बाजूने कुणीतरी नाक ओढलं. ऋतुजाने फुलं घेतली, सीटवर ठेवली आणि समितीकडे बघून म्हणाली, "माझं म्हणणं संपलं." पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरं आली. ज्यांची तिकिटं होती ते लोक उठले, अंग झटकलं आणि सिनेमा लांबला पण बरा होता म्हणत बाहेर गेले. भाऊसाहेबांनी एकेचाळीस नंबरपुढे 'मिटला' लिहिलं तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

"बेचाळीस," गुलाबरावांनी पुकारलं. "वादी विमल मुरलीधर ताकवले. बोला ताई. अडतीस मिनिटं हायेत."

विमल उभी राहिली. तिने मुरलीधरकडे पाहिलं, तो आता काही म्हणतो का ते बघितलं. तो काही म्हणाला नाही. तेव्हा तिने लग्नातल्या मानपानापासून सुरुवात केली. त्याच्या बहिणीला दिलेली साडी, ती परत का आली, परत आल्यावर कोण काय बोललं, कोण काय बोललं नाही. ती भरभर बोलत नव्हती. मध्ये थांबायची, आठवायची, मागचं दुरुस्त करून पुढे जायची. एकदा तिचा आवाज भरून आला आणि नेहमी इथे ती चहाकडे वळायची, पण इथे चूल नव्हती आणि समोरचा माणूस गप बसून नीट ऐकत होता, तेव्हा ती डोळे पुसून तशीच पुढे बोलत राहिली. मुरलीधरला यातलं निम्मं नवीन होतं. एकाच घरात हे सगळं घडलं आणि आपल्याला ठाऊक नाही, याची त्याला लाज वाटली.

पावणेसहा वाजले. विमल तेव्हा लग्नाच्या चौथ्या वर्षात होती.

"ताई, थांबावं लागंल," गुलाबराव म्हणाले. त्यांनाही पुढचं ऐकायचं होतं, पण वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. "समितीची मुदत संपली. बेचाळीस सुटली न्हाई."

मुरलीधरने मान खाली घातली. भाऊसाहेबांनी रजिस्टरमधून कोरा अर्ज काढला आणि विमलपुढे सरकवला.

"नव्या समितीकडं परत दाखल करू," ते म्हणाले. "इथं सही करा."

विमलने अर्ज पाहिला, पेन पाहिलं. अर्जाची नीट घडी घालून तो तिने भाऊसाहेबांना परत दिला.

"सही न्हाई करायची," ती म्हणाली. "उरलेलं घरी सांगते."

भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि रजिस्टरमध्ये बेचाळीस नंबरपुढे 'प्रलंबित' असं लिहिलं. एक तंटा प्रलंबित राहिल्यामुळे त्या वर्षी चांदेगव्हाण तंटामुक्त जाहीर होऊ शकलं नाही. याबद्दल गावात कुणी मुरलीधरला बोल लावला नाही.

त्याने केबिनला कुलूप घातलं. विमल पायऱ्यांवर उभी होती. भाऊ मोटारसायकलवर बसून किक मारायची की नाही या विचारात होता, तिने त्याला हाताने जा म्हटलं. मग दोघं बाजारपेठेतून घराकडे निघाली, ती बोलत आणि तो तिच्या तोंडाकडे बघत, त्यामुळे दोनदा तो समोरच्या सायकलवर आदळला. मारुतीच्या पारापाशी पोचेपर्यंत विमल लग्नाच्या सातव्या वर्षात आली होती, आणि सासूबाईंचा विषय अजून निघायचाच होता.